आधी समुद्र, मग सायकल : ट्रायथलॉनविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी रत्नागिरी परिसरातील हौशी ट्रायथलॉन स्पर्धांच्या माझ्या अनुभवांविषयी लिहिले होते. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मी वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी या खेळाला सुरुवात केली, सात वर्षांत नऊ स्थानिक स्पर्धांत उतरले आणि त्यांपैकी आठ पूर्ण केल्या, एवढाच त्या लेखाचा विषय होता. त्यानंतर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

ज्यांनी तो लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तिन्ही प्रकार एकामागून एक, मध्ये घड्याळ न थांबवता पूर्ण करायचे, अशी ही स्पर्धा आहे. या नावाची पहिली आधुनिक स्पर्धा सप्टेंबर १९७४ मध्ये अमेरिकेतील सॅन दिएगो येथे झाली आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये या खेळाला प्रवेश मिळाला. ऑलिंपिकची अंतरे अनुक्रमे १.५, ४० आणि १० किलोमीटर असतात. नवख्यांसाठी याच्या निम्म्या अंतराची, म्हणजे ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे अशी स्पर्धा असते, तिला ‘स्प्रिंट’ म्हणतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यात मिरामार किनाऱ्यावर १.९, ९० आणि २१.१ किलोमीटरची मोठी स्पर्धा झाली, तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या अनेकांना या खेळाचे कुतूहल वाटू लागले. आलेली बहुतेक पत्रे स्प्रिंटविषयीच आहेत आणि माझा अनुभवही मुख्यतः तेवढ्याच अंतराचा आहे.

प्रश्न : मी ४१ वर्षांचा असून देवगड तालुक्यात आंब्याची बाग सांभाळतो. लहानपणी गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो आणि आजही विहिरीत अर्धा तास सहज पोहतो. एका स्प्रिंट स्पर्धेसाठी नाव नोंदवून समुद्रात सरावाला उतरलो, तेव्हा मात्र पन्नास मीटरमध्येच दम लागला, छाती भरून आली आणि मला परतावे लागले. मला खरोखर पोहता येते का, अशीच आता शंका वाटते.

उत्तर : आपल्याला पोहता येते, याविषयी शंका बाळगू नये. आपल्याला समुद्राची सवय नाही, आणि ती वेगळी मिळवावी लागते. विहिरीत चार हातांवर कठडा असतो, पाणी स्थिर असते आणि थकल्यावर पायरी धरता येते. समुद्रात तळ दिसत नाही, लाट नेमकी श्वास घेण्याच्या क्षणी तोंडावर येते आणि धरायला काही नाही ही जाणीव होताच माणूस नकळत श्वास कोंडून ठेवतो. कोंडलेल्या श्वासामुळे शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो, त्याने धाप वाढते, धाप वाढल्याने भीती वाढते आणि भीतीने पुन्हा श्वास कोंडला जातो. आपल्या बाबतीत हेच घडले असावे. तरीही छातीत दुखणे किंवा गरगरणे असे काही झाले असेल, तर पुढच्या सरावापूर्वी डॉक्टरांना अवश्य दाखवावे.

यावर मला उपयोगी पडलेला उपाय अगदी साधा आहे. प्रथम कमरेइतक्या पाण्यात उभे राहावे, चेहरा पाण्यात घालून तोंडाने सावकाश बुडबुडे सोडावेत, मान वळवून श्वास घ्यावा, आणि हे पन्नास वेळा करूनच पोहायला लागावे. दुसरे म्हणजे, भीती वाटेल त्या क्षणी उताणे होऊन पाण्यावर पडून राहण्याचा सराव मुद्दाम करावा. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते, त्यामुळे आपल्या विहिरीपेक्षा ते शरीराला अधिक चांगले उचलून धरते, हे एकदा अंगाने अनुभवले की निम्मी भीती ओसरते. तिसरी गोष्ट दिशेची. दर आठ-दहा हात मारल्यानंतर डोळे पाण्याबाहेर काढून किनाऱ्यावरची एखादी उंच, स्थिर खूण पाहावी. देवळाचा कळस, दीपगृह, एकटा उभा असलेला माड यांपैकी काहीही चालते. ही सवय नसेल, तर ७५० मीटरची स्पर्धा सहज ९०० मीटरची होते.

आता मुख्य गोष्ट. समुद्रात कधी उतरायचे, हे प्रशिक्षणाच्या कोणत्याही तक्त्यापेक्षा आपल्या गावच्या तांडेलांना, म्हणजे मासेमारी होड्यांच्या प्रमुखांना, अधिक कळते. मला हे शिक्षण एका वयस्कर तांडेलकाकांकडून मिळाले. पूर्ण भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत त्यांनी मला शिकवली. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की आपल्या किनाऱ्यावर पाणी साधारण किती वाजता भरेल ते मिळते. अष्टमीला सहा वाजता, चतुर्थीला तीन वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. आणि त्यानंतर सुमारे साडेबारा तासांनी पुन्हा भरती. ही वेळ ठोकळ असते, म्हणून छापील भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाशी ती ताडून पाहावीच, परंतु ज्याला ही रीत येते त्याला कालनिर्णयाचे पान पाहताच सरावाचा आठवडा आखता येतो. अष्टमी-नवमीला भांगाचे पाणी असते, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी आणि ओढही कमी. त्यातच सकाळी सहा ते सातच्या दरम्यान पाणी भरून जवळजवळ स्थिर झालेले असते. नवख्या माणसाने समुद्रातला पहिला सराव याच दोन-तीन दिवसांत करावा, असा माझा आग्रह आहे. याउलट चतुर्थी-पंचमीला सकाळी साडेसहाला ओहोटी ऐन जोरात असते. त्या वेळी खाडीच्या मुखाजवळ उतरणे म्हणजे खाडीतून समुद्राकडे धावणाऱ्या पाण्यात स्वतःला झोकून देणे होय. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही त्या पाण्याविरुद्ध किनारा गाठता येत नाही.

वाऱ्याचाही विचार करावा. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, ते येथे कामाला येतात. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो, त्यामुळे समुद्र सपाट दिसतो. परंतु तोच वारा तरंगणाऱ्या वस्तूला बाहेर नेत असतो. सूर्य वर आला की काही वेळाने खारा वारा सुरू होतो आणि पाण्यावर आखूड, उलट्यासुलट्या लाटा उठतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही शासकीय संस्था लाटांच्या उंचीचा अंदाज देते, तो आदल्या रात्री पाहून ठेवावा. आणखी एक, पुळणीवर उभे राहून पाहताना लाटा फुटत असलेल्या पट्ट्यात मध्येच एखादी जागा शांत आणि किंचित गढूळ दिसली, तर ती पोहण्यासाठी सोयीची समजू नये. लाटांनी किनाऱ्याकडे ढकललेले पाणी अशाच चिंचोळ्या वाटेने परत जाते. त्या ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडावे आणि मग लाटांबरोबर आत यावे. जेथे बुडण्याच्या घटना वारंवार घडतात, तेथे तर कितीही सराव झाला तरी उतरू नये. गणपतीपुळ्याचा किनारा यांपैकी एक आहे. सराव नेहमी सोबत्यासह, भडक रंगाची टोपी घालून आणि कमरेला फुगा बांधून करावा. एक जून ते एकतीस जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. जेव्हा होड्या पाण्याबाहेर ओढून ठेवलेल्या असतात, तेव्हा आपल्यासारख्यांनी तरी पाण्यात का शिरावे? माझा समुद्रातील सराव नारळी पौर्णिमेनंतर, पाणी निवळल्यावरच सुरू होतो.

आपण परत फिरलात याचा आपल्याला संकोच वाटतो, असे पत्रावरून दिसते. माझ्या दुसऱ्याच स्पर्धेत खारा वारा नेहमीपेक्षा लवकर सुटला. दुसऱ्या बोयाजवळ, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेजवळ, गॉगलमध्ये पाणी शिरले, तोंडात दोन लाटा गेल्या आणि उलटी झाली. मी हात वर केला आणि बचाव होडीत चढून किनाऱ्यावर आले. सायकल जशी उभी होती तशीच गाडीवर बांधून घरी नेली आणि पुढचे चार दिवस शाळेत कोणाशी त्याविषयी बोलले नाही. नंतर तांडेलकाकांना सांगितले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “बाई, वाऱ्याच्या दिवशी आम्हीसुद्धा होडी फिरवतो.” जी एक स्पर्धा पूर्ण झाली नाही, ती हीच. एक नियम मात्र मला तेव्हा ठाऊक नव्हता, तो आपल्याला सांगून ठेवते. दमल्यास बोया किंवा बचावासाठी ठेवलेली कायाक (वल्ह्याची छोटी, अरुंद होडी) धरून विसावा घेता येतो. तिच्या आधाराने पुढे सरकले नाही, तर त्यासाठी स्पर्धकाला बाद करत नाहीत. तो ठाऊक असता, तर कदाचित मी पाच मिनिटे थांबून पुढे गेले असते.

प्रश्न : वेंगुर्ल्याजवळ पोहताना माझ्या भावाच्या हाताला जेलीफिशचा दंश झाला. लोकांनी वाळू चोळली आणि गोड्या पाण्याने हात धुतला. हे योग्य होते का?

उत्तर : दोन्ही गोष्टी टाळायला हव्या होत्या. चोळल्याने आणि गोड्या पाण्याने त्वचेवर राहिलेल्या न फुटलेल्या विषपेशी फुटू शकतात. समुद्राच्याच पाण्याने धुवावे, चिकटलेले धागे चिमट्याने काढावेत आणि नंतर सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटे हात बुडवून ठेवावा. श्वास लागणे, चेहरा सुजणे किंवा छातीत दुखणे यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपचारांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

प्रश्न : मी दापोलीत राहतो. माझ्याकडे जाड टायरची, गिअरची साधी सायकल आहे. स्पर्धेत लोक लाख-दीड लाखाच्या सायकली आणतात असे ऐकले. माझ्या सायकलवर भाग घेणे हास्यास्पद ठरेल का?

उत्तर : मुळीच नाही. माझ्या पहिल्या तीन स्पर्धांना मी भाच्याची जुनी सायकल नेली होती. जाड, खाचदार टायर काढून त्याच चाकांवर बसतील असे गुळगुळीत, अरुंद टायर चढवावेत. या एका बदलाने जेवढा फरक पडतो, तेवढा आपल्या अंतरासाठी दुसऱ्या कोणत्याही खर्चाने पडत नाही. आसनाची उंची नीट करून घ्यावी, कारण ते खाली असले की गुडघ्यांवर ताण येतो आणि त्याची किंमत धावताना मोजावी लागते.

खर्च करायचाच असेल तर तो हेल्मेट, ब्रेक आणि गिअर यांवर करावा. आपल्याकडचा रस्ता खाडीच्या पुलाकडे उतरतो आणि पूल ओलांडताच पुन्हा सड्यावर चढतो. आंजर्ले, हर्णै, केळशी या बाजूला आपण रोज फिरत असाल, तर हे मी आपल्याला सांगायला नको. अशा चढांसाठी मागील चाकावर मोठे दातेरी चक्र असणे, महागड्या हलक्या सांगाड्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. उतारावर वळणाच्या आतल्या बाजूला खडी साचलेली असते, जांभ्या दगडाच्या ट्रकमधून पडलेली लाल भुकटी दव पडल्यावर निसरडी होते, आणि सकाळच्या वेळी गुरे रस्त्यावर बसलेली असतात. स्पर्धेपूर्वी एकदा तरी तो मार्ग स्पर्धेच्याच वेळी सायकलने पाहून यावा.

खाऱ्या हवेत सायकल किती लवकर गंजते, याची कल्पना घाटावरच्या मित्रांना नसते. समुद्रकाठच्या प्रत्येक फेरीनंतर ओल्या फडक्याने सांगाडा पुसावा, साखळी कोरडी करून तेल द्यावे आणि जास्तीचे तेल पुसून टाकावे, नाहीतर त्यावर वाळू बसून दाते झिजतात. पंक्चर स्वतः काढता आले पाहिजे, कारण स्पर्धेत बाहेरच्या व्यक्तीची मदत चालत नाही.

दोन नियम पहिल्याच स्पर्धेत अनेकांना भोवतात. सायकल स्टँडवरून काढण्यापूर्वी हेल्मेटचा पट्टा लावलेला असला पाहिजे आणि ती परत टांगेपर्यंत तो सोडता येत नाही. तसेच पुढच्या स्पर्धकाच्या मागे चिकटून वाऱ्याचा आडोसा घेणे बहुतेक हौशी स्पर्धांत निषिद्ध असते. साधारण दहा-बारा मीटर अंतर राखावे लागते. सायकलवरून उतरून धावायला लागल्यावर पहिला एक किलोमीटर पाय जणू दुसऱ्या कोणाचे आहेत असे वाटते. यासाठी आठवड्यातून एकदा, सायकलची फेरी संपताच चहा-पाण्यात वेळ न दवडता दहा मिनिटे धावावे. या जोडसरावाला खेळाडू ‘ब्रिक’ म्हणतात. हे धावणे पुळणीवर करायचे असेल, तर ओहोटीनंतरच्या ओल्या, घट्ट वाळूत करावे आणि उताराच्या बाजूला तेच पाऊल सतत पडू नये म्हणून जाताना व येताना समान अंतर धावावे.

प्रश्न : मी गुहागरची, वय ३४, दोन मुलांची आई आहे. धावते आणि सायकलही चालवते. पोहायलाही शिकले आहे, पण समुद्रावर पोहण्याच्या कपड्यांत उतरण्याची हिंमत होत नाही. सासूबाईंचा विरोध नाही, परंतु गावातले काय म्हणतील याची त्यांना काळजी वाटते. पाळीच्या दिवसांत स्पर्धा आली तर काय करावे, हेही विचारायचे आहे.

उत्तर : तुझे पत्र मी तीन वेळा वाचले, कारण सात वर्षांपूर्वी मी अगदी हेच प्रश्न मनात घेऊन पुळणीवर उभी होते आणि विचारायला कोणी नव्हते. वयाने मोठी असल्याने तुला एकेरीत लिहिते, राग मानू नकोस.

कपड्यांचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. ट्रायथलॉनमध्ये कपडे बदलण्याची गरजच नसते. पोहताना जे अंगावर असते, त्यावरच सायकल आणि धावणे होते. पूर्ण बाह्यांचा, अंगाबरोबर बसणारा पोहण्याचा सदरा आणि घोट्यापर्यंतची पोहण्याची विजार हा पोशाख मी प्रत्येक स्पर्धेत घातला आहे. आयोजकांना आधी विचारून घ्यावे, मला आजवर कोणी अडवलेले नाही. परदेशात वापरतात तो जाड रबरी वेटसूट आपल्याला लागतच नाही. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे दीड किलोमीटरपर्यंतच्या पोहण्यात पाणी २२ अंश सेल्सिअसपेक्षा उबदार असेल, तर हौशी स्पर्धकांना तो घालता येत नाही, आणि आपला समुद्र हिवाळ्यातही त्याहून बराच उबदार असतो. मात्र संकोचापोटी सैल सुती कुर्ता किंवा ओढणी घेऊन पाण्यात कधीही उतरू नकोस. भिजलेले सुती कापड जड होते, हातापायांत गुंडाळले जाते, आणि ते खरोखर जीवावर बेतू शकते. किनाऱ्यापर्यंत वरून गाऊन घालावा आणि पाण्याशी जाऊन सोबतीणीच्या हाती द्यावा.

पाळीविषयी सांगायचे तर कप किंवा टॅम्पॉन वापरून पोहता येते, सायकलही चालवता येते. परंतु ते पहिल्यांदा स्पर्धेच्या दिवशी वापरू नये, दोन-तीन महिने आधी सवय करावी. त्या दिवशी पोटात फार दुखत असेल, तर स्पर्धा सोडण्यातही काही गैर नाही.

गावाविषयी मी तुला माझा अनुभव सांगते. पहिल्या वर्षी मी उजाडण्याच्या सुमारास, कोणी नसेल अशी वेळ पाहून जात असे, आणि तीच माझी मोठी चूक होती. निर्जन किनारा पोहणाऱ्यासाठी सर्वांत असुरक्षित असतो. दुसऱ्या वर्षी मी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढण्याच्या वेळी जाऊ लागले. तेथे मासळी निवडायला आलेल्या बायकांनी दोन दिवस पाहिले, तिसऱ्या दिवशी विचारपूस केली आणि महिन्याभरात त्यांच्यापैकी एक जण माझी पिशवी सांभाळू लागली. “आज पाणी वोढता, जाव नुको,” असे एकदा तिनेच मला थांबवले होते. सासूबाईंना एकदा सोबत घेऊन जा. त्या सुरूच्या बनात सावलीत बसतील आणि तू किती अंतरावर, कशी पोहतेस ते पाहतील. माझ्या सासूबाई आता स्पर्धेच्या दिवशी माझ्याआधी उठतात.

प्रश्न : स्पर्धेच्या आधी आणि स्पर्धेदरम्यान काय खावे? बाजारात मिळणाऱ्या जेलच्या पुड्या मला परवडत नाहीत आणि पोटालाही सोसत नाहीत.

उत्तर : स्प्रिंटला हौशी स्पर्धकाला साधारण दीड ते दोन तास लागतात. इतक्या वेळेसाठी जेलची गरज नाही. स्पर्धेच्या अडीच-तीन तास आधी मी गुरगुट्या भात खाते. त्यात मीठ आणि मेतकूट थोडे जास्त, तूप मात्र नावापुरते, कारण स्निग्ध पदार्थ पचायला वेळ लागतो. ज्यांना पहाटे भात जात नाही त्यांनी पेज प्यावी. सायकलवर असताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पुरतात. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात, म्हणजे एक केळे आणि दोन खजूर यांत काम भागते. लांब सरावाला मी शेंगदाण्याऐवजी राजगिऱ्याची चिक्की नेते, ती चावायला हलकी असते.

पाण्याच्या बाबतीत आपल्या किनाऱ्यावर विशेष काळजी घ्यावी लागते. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि घाम मात्र येतच राहतो. घामाबरोबर मीठ जाते, आणि त्याची भरपाई नुसत्या पाण्याने करू पाहिल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात, म्हणून लोक आणखी पाणी पाजतात आणि त्रास वाढतो. मी एका बाटलीत साखर-मीठ घातलेले कोकम सरबत आणि दुसऱ्या बाटलीत साधे पाणी ठेवते. औषधाच्या दुकानातील जलसंजीवनीची पुडी वापरायची तर ती पुडीवर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात मिसळावी. कमी पाण्यात घट्ट केल्यास पोट बिघडते. कोणताही पदार्थ सरावात खाऊन पाहिल्याशिवाय स्पर्धेत खाऊ नये.

प्रश्न : मी अलिबागचा, वय ६२, सेवानिवृत्त आहे. आता सुरुवात करणे शहाणपणाचे ठरेल का?

उत्तर : वैद्यकीय तपासणी करून अवश्य करावी. अमेरिकेतील मॅडोना ब्यूडर या जोगिणीने २०१२ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे अशी पूर्ण आयर्नमॅन स्पर्धा वेळेत संपवली होती. परंतु हेही लक्षात ठेवावे की अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात ट्रायथलॉनमध्ये झालेल्या मृत्यू आणि हृदयक्रिया बंद पडण्याच्या ज्या १३५ घटनांचा अभ्यास झाला, त्यांपैकी ९० पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या आणि त्यांत पुरुषांचे प्रमाण फार मोठे होते. म्हणून ईसीजी आणि ट्रेडमिल चाचणी करून, डॉक्टरांना “मी समुद्रात पोहणार आहे” असे स्पष्ट सांगून परवानगी घ्यावी. पहिले वर्ष केवळ तलावात पोहण्यात घालवले, तरी ते वाया जात नाही.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीजवळच्या गावातील काही तरुण मंडळी पुढील हिवाळ्यात साठ-सत्तर स्पर्धकांची छोटी ट्रायथलॉन भरवू इच्छितो. पदके, टी-शर्ट आणि नाश्ता यांची सोय झाली आहे. आणखी कशाकडे लक्ष द्यावे?

उत्तर : तुमचा उत्साह पाहून मनापासून आनंद झाला, म्हणूनच स्पष्ट लिहिते. पदके आणि टी-शर्ट शेवटच्या आठवड्यातही होतात. आधी तारीख ठरवा, आणि ती सुट्टीचा रविवार पाहून नव्हे, तिथी पाहून ठरवा. हिवाळ्यातल्या रविवारांपैकी अष्टमी, नवमी किंवा दशमीला येणारा रविवार शोधा. म्हणजे सकाळी सात-साडेसातला पाणी भरलेले, भांगाचे आणि संथ मिळेल. पोहण्याचा मार्ग खाडीच्या मुखापासून दूर, किनाऱ्याला समांतर आखा, जेणेकरून कोणताही स्पर्धक पुळणीपासून फार लांब जाणार नाही. मार्ग गावातील तांडेलांना दाखवा आणि त्यांनी नको म्हटल्यास बदला. त्यांच्याच होड्या भाड्याने घ्या, परंतु यांत्रिक होडीचा पंखा पोहणाऱ्यांजवळ फिरू नये म्हणून जवळच्या बचावासाठी वल्ह्याच्या होड्या किंवा कायाक ठेवा आणि प्रत्येकीवर प्रशिक्षित जीवरक्षक बसवा. पोलीस, ग्रामपंचायत आणि बंदर खाते यांच्या लेखी परवानग्या महिनाभर आधी मागा. रुग्णवाहिका फक्त दिवसापुरती आणून भागत नाही. ती कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या रस्त्याने जाईल, सायकलमार्ग त्या रस्त्याला अडवतो का, हे कागदावर ठरलेले असावे.

लाटा उंच असल्यास पोहणे रद्द करून पळणे-सायकल-पळणे अशी ड्युएथलॉन घेण्याचा पर्याय नोंदणीच्या वेळीच जाहीर करा. आदल्या दिवशी लोक लांबून आलेले असतात आणि त्या सकाळी रद्द करण्याचे धैर्य होत नाही. आधी जाहीर केलेले असले की ते होते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माणसे मोजा. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत मी पाण्यातून बाहेर आले, तेव्हा आयोजक कार्यकर्ते ध्वनिक्षेपकावरून एका स्पर्धकाचे नाव पुकारत होते. त्याच्या नावापुढे पाण्यात उतरल्याची खूण होती आणि बाहेर आल्याची नव्हती. अर्धा तास होड्या फिरल्या, त्याची पत्नी वाळूत बसून होती. अखेर तो सायकलच्या मार्गावर सापडला. गर्दीतून बाहेर येताना त्याची नोंद करायला तेथे कोणी उभेच नव्हते. तो सुखरूप होता, पण तो अर्धा तास मी विसरलेले नाही. प्रत्येक स्पर्धकाच्या दंडावर आणि टोपीवर क्रमांक लिहा. पाण्यात उतरण्याच्या जागी दोन आणि बाहेर येण्याच्या जागी दोन अशा चार व्यक्ती नेमा. त्यांना दुसरे कोणतेही काम, अगदी पाण्याच्या बाटल्या देण्याचेही, सांगू नका. दोघांनी स्वतंत्र यादी करावी आणि दोन्ही याद्या जुळेपर्यंत एकही होडी किनाऱ्याला लावू नये. माघार घेऊन होडीतून परतलेल्यांची नोंदही त्याच यादीत व्हावी.

तारीख ठरली की मला कळवा. बाहेर येण्याच्या जागी यादी घेऊन उभे राहण्याचे काम मी आनंदाने करीन.